ॲम्प्लिफायरचा बिघाड आणि लाउडस्पीकरचा घात

घरी गाणे ऐकण्यासाठी ठेवलेल्या दोन लाउडस्पीकरांपैकी एक अकस्मात मुका झाला, म्हणजे बहुतेक जण जी गोष्ट प्रथम करतात, नेमकी तीच करू नये. दोष लाउडस्पीकरात आहे की ॲम्प्लिफायरमध्ये, हे ताडून पाहण्यासाठी चांगला लाउडस्पीकर काढून तो मुक्या बाजूच्या तारांना जोडण्यात येतो. युक्ती वरवर तर्कशुद्ध दिसते. परंतु दोष ॲम्प्लिफायरचा असला, तर ज्याने पहिला लाउडस्पीकर जाळला तो शत्रू अद्याप तेथेच दबा धरून बसलेला असतो, आणि पाहता पाहता दुसराही त्याच वाटेने जातो. एक क्षुल्लक ट्रान्झिस्टर निकामी झाला म्हणून दोन लाउडस्पीकर दुरुस्तीला न्यावे लागतात.

हे असे का घडते ते समजण्यासाठी लाउडस्पीकरची रचना थोडी ध्यानात घेतली पाहिजे. आज घरोघरी जो लाउडस्पीकर आढळतो, त्याचा मूळ आराखडा अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग या दोघांनी 1925 साली मांडला. एक शंकू, त्याच्या मुळाशी बारीक तारेचे वेटोळे, आणि ते वेटोळे ज्यात अधांतरी राहते अशी चुंबकाची अरुंद फट, एवढाच त्याचा संसार. वेटोळ्यातून प्रवाह एका दिशेने गेला की शंकू पुढे सरकतो, उलट गेला की मागे. प्रवाहाची दिशा सेकंदाला शेकडो, हजारो वेळा पालटते, म्हणून शंकू थरथरतो आणि आपल्याला सूर ऐकू येतात. मात्र घरगुती लाउडस्पीकरला दिलेल्या विद्युत्शक्तीपैकी शेकडा एकाच्या आसपास एवढाच भाग ध्वनीच्या रूपाने बाहेर पडतो. बाकीच्या शक्तीची त्या बारीक तारेत उष्णता होते. ती तारेला सोसते, कारण संगीत चढते तसे उतरते आणि तारेला उसंत मिळते. शिवाय शंकू हलत असल्यामुळे फटीतील हवा खेळती राहते.

आता कल्पना करा, की प्रवाहाची दिशा पालटणेच थांबले आणि तो एकाच दिशेने वाहू लागला. शंकू एका टोकाला जाऊन ताठ उभा राहील. आवाज नाही, हालचाल नाही, म्हणून वारा नाही, आणि उसंतही नाही. उष्णता तेवढी साचत जाईल.

व्हॉल्व्हच्या काळात हे संकट लाउडस्पीकरपर्यंत पोहोचू शकत नसे. त्या रेडिओंत व ॲम्प्लिफायरांत व्हॉल्व्हवर दोन-तीनशे व्होल्टांचा दाब खेळत असे, पण व्हॉल्व्ह आणि लाउडस्पीकर यांच्यामध्ये एक ट्रान्सफॉर्मर बसवलेला असे. ट्रान्सफॉर्मर बदलता प्रवाह तेवढा पलीकडे पोहोचवतो. एकदिश प्रवाह त्याला ओलांडता येत नाही. व्हॉल्व्ह बिघडला तरी लाउडस्पीकर केवळ गप्प बसे. हा रखवालदार जड होता, महाग होता, आणि अगदी खालचे व अगदी वरचे सूर तो थोडे बिघडवीत असे, हेही खरे. ट्रान्झिस्टर आल्यावर त्याची गरज उरली नाही. प्रारंभी त्याच्या जागी एक मोठा कंडेन्सर बसवीत; तोही एकदिश प्रवाहाला अडवतो. इंग्लंडमधील क्वाड कंपनीचा 1967 सालचा 303 हा नावाजलेला ॲम्प्लिफायर याच पद्धतीचा. पुढे धन व ऋण असे दोन विद्युत्पुरवठे वापरून कंडेन्सरलाही निरोप देण्यात आला, आणि ट्रान्झिस्टर थेट लाउडस्पीकरला जोडला गेला. आवाज निर्मळ झाला, खर्च वाचला, पण मधली भिंत नाहीशी झाली.

ट्रान्झिस्टरचा स्वभाव असा, की तो अति तापून मरतो तेव्हा बहुधा वाट बंद करून मरत नाही, सताड उघडी टाकून मरतो. आठ ओहमच्या लाउडस्पीकरात 100 वॅट देणाऱ्या ॲम्प्लिफायरचा पुरवठा प्रत्येक बाजूस 40 व्होल्टांहून काहीसा अधिक असतो. लाउडस्पीकरवर ‘आठ ओहम’ लिहिलेले असले, तरी वेटोळ्याचा निव्वळ रोध सहा ओहमच्या आसपास भरतो. म्हणजे ट्रान्झिस्टर आरपार झाला की साडेसहा अँपिअरांहून अधिक प्रवाह आणि अडीचशेहून अधिक वॅट उष्णता, क्षणाचीही विश्रांती न देता! 1970 नंतरच्या काळात अमेरिकेत फेज लिनिअर 700 नावाचा, दर बाजूस 350 वॅट देणारा ॲम्प्लिफायर फार गाजला. तो बिघडला की काय होई, हे हौशी मंडळींनी त्याला दिलेल्या ‘फ्लेम लिनिअर’ या टोपणनावावरून ताडता येईल.

या प्रकारात बहुधा मोठा, खर्जाचा लाउडस्पीकर जळतो; तार सुरांचा लहान लाउडस्पीकर त्याच्या वाटेवरील कंडेन्सरमुळे वाचतो. त्या लहानग्याचा घात निराळ्या रीतीने होतो. ॲम्प्लिफायर त्याच्या कुवतीपलीकडे रेटला, की स्वरलहरींचे माथे छाटले जातात, सरासरी शक्ती वाढते, आणि तिचा नको इतका वाटा तार सुरांकडे जातो. म्हणून ‘माझा ॲम्प्लिफायर लहान आहे, त्याने काय जळणार?’ हा युक्तिवाद फसवा होय.

मग संरक्षण कशाचे? फ्यूज हे पहिले उत्तर, पण ते अपुरे आहे. पाच अँपिअरचा फ्यूज साडेसहा अँपिअर प्रवाह बराच वेळ मुकाट्याने सोशीत राहतो, आणि त्याहून नाजूक फ्यूज घातला तर तो गाण्याच्या ऐन रंगात जातो. दुसरे उत्तर रिले. यंत्र सुरू केल्यावर काही क्षणांनी आतून ‘टक्’ असा आवाज येतो, तो याचाच. बाहेर जाणाऱ्या तारेत एकदिश दाब दिसला की रिले लाउडस्पीकर तोडतो. परंतु येथेही एक मेख आहे. बदलता प्रवाह वरचेवर शून्यावर येतो, त्यामुळे रिलेची टोके विलग होताना पडलेली ठिणगी विझते. एकदिश प्रवाह शून्यावर येतच नाही. ठिणगीची ज्वाला टिकून राहते आणि टोके परस्परांना चिकटूनही बसतात. स्वस्त रिले म्हणजे पुष्कळदा नावापुरता पहारेकरी. आता हे काम चलाख ट्रान्झिस्टरांकडूनही करून घेतात, पण जाहिरातीत वॅटांचे आकडे जेवढे ठळक छापतात तेवढ्या ठळकपणे याची माहिती क्वचितच दिली जाते.

तेव्हा एक बाजू मुकी झाली तर यंत्र बंद करून दोन्ही लाउडस्पीकर सोडवावेत. मग काहीही न जोडता यंत्र सुरू करून, आवाजाची कळ शून्यावर ठेवून, मल्टिमीटरने ॲम्प्लिफायरच्या बाहेरील टोकांवरचा एकदिश दाब मोजावा. हे काम दुकानातला कारागीर दोन मिनिटांत करून देतो. चांगल्या यंत्रात तो काही मिलिव्होल्ट, फार तर काही दशक मिलिव्होल्ट भरतो. व्होल्टांत मोजावा लागला, तर त्या यंत्राला लाउडस्पीकर लावू नये. ज्यांत रिले आहे त्या यंत्रांत मोजणी रिलेच्या अलीकडे, म्हणजे आतल्या बाजूस करावी लागते. नाही तर रिलेने तोडलेली तार शून्य दाखवील आणि यंत्र निर्दोष असल्याचा भ्रम होईल. याच वेळी मुक्या लाउडस्पीकरच्या दोन टोकांमधला रोधही मोजून घ्यावा. सहा ओहमच्या जागी काटा अनंतावर गेला, तर आतली तार बहुधा तुटली आहे असे समजावे.