दुसऱ्याची चीज, आपला हात

दुसऱ्याचे गाणे गाणारा तो नकलाकार, असा एक समज अलीकडे रूढ झाला आहे. आपल्या संगीताने तो कधीच मानला नाही. सदारंगाची चीज पिढ्यान्‌पिढ्या गवई गात आले; पण चीज कोणाची, यापेक्षा ती मांडली कशी, हेच आपण पाहिले. याच न्यायाने एका अमेरिकन तबकडीकडे रसिकांनी पाहावे, अशी आमची विनंती आहे.

राय कूडर हा लॉस एंजेलिसचा गिटारवादक. जन्म १९४७ चा. जुनी लोकगीते आणि ब्लूज हे त्याचे मूळ घर. त्याची ‘बॉप टिल यू ड्रॉप’ ही तबकडी १९७९ साली निघाली. डिजिटल यंत्रावर मुद्रित झालेल्या आरंभीच्या लोकप्रिय तबकड्यांत तिची गणना होते. परंतु तिचे मोल यंत्रात नाही. तिच्यातील नऊ गाण्यांपैकी आठ दुसऱ्यांची आहेत. त्यांतली बहुतेक कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या रिदम अँड ब्लूज आणि सोल या परंपरेतली.

कूडरचा गळा साधा आहे. मूळ गायकांच्या आवाजाची धग त्यात नाही. म्हणूनच की काय, बॉबी किंगसारखे कसलेले गायक त्याने सोबतीस घेतले. खरी किमया आहे ती हातात. ‘आय थिंक इट्स गोइंग टू वर्क आउट फाइन’ हे आइक व टीना टर्नर यांचे १९६१ सालचे गाजलेले गाणे म्हणजे प्रेमिकांचे लाडिक सवालजवाब. कूडरने त्यातले शब्दच काढून टाकले. बोटात नळी घालून ती तारांवरून सरकवावी, विचित्रवीणेवर बट्टा फिरतो तशी, आणि मींडेने बोलावे, एवढेच त्याने केले. पुढे १९९३ साली विश्वमोहन भट्टांच्या मोहनवीणेशी त्याची गिटार इतकी सहज का जुळली, त्याचे बीज येथे सापडते.

याच तबकडीत ‘गो होम गर्ल’ हे आर्थर अलेक्झांडरचे गाणे आहे. अलेक्झांडरची गाणी बीटल्सनी गायली, रोलिंग स्टोन्सनी गायली. तो स्वतः मात्र संगीत सोडून १९८० नंतरच्या दशकात क्लीव्हलँडमध्ये बस चालवीत होता. १९९३ साली नवी तबकडी घेऊन तो परतला आणि त्याच वर्षी वारला.

येथे आपल्या पूर्वसूरींचे शहाणपण ध्यानी येते. सदारंगाने आपले नाव चिजेतच गुंफून ठेवले. गाणाऱ्याला ते टाळता येत नाही. तिकडे रचनाकाराचे नाव तबकडीवर बारीक अक्षरांत राहते. ती अक्षरे वाचण्याचे काम मग श्रोत्यावर येते. कूडरची तबकडी अवश्य ऐकावी. आणि ती संपल्यावर अलेक्झांडरचा मूळ आवाजही शोधून ऐकावा. दुसऱ्याची चीज मांडण्याचे सार्थक त्यातच आहे.