धार लावायचीय? आधी कोन पकडा!

दुकान नवं होतं तेव्हा एका गिऱ्हाईकाचा घडीचा चाकू मी नुसता जोर लावून घासला. धार आली नाहीच, वर पात्यावर ओरखडे. शेवटी पदरचा नवा चाकू द्यावा लागला. दगड चांगला होता, चुकला होता तो कोन.

खिशातल्या चाकूला प्रत्येक बाजूने साधारण २० अंश ठीक. १५ वर कापतो छान, पण कड लवकर मुडपते. २५ वर धार टिकते, पण कापायला जोर लागतो.

२० अंश कसे पकडायचे? पात्याची रुंदी मोजा, ०.३४ ने गुणा. रुंदी १८ मिमी असेल तर पात्याची पाठ दगडापासून ६ मिमी वर धरा.

चाकूचा मूळचाच कोन हवा असेल, तर धारेच्या उताराला मार्कर फासा आणि हलक्या हाताने दोनदा घासा. रंग फक्त कडेचा गेला? पाठ थोडी खाली घ्या. फक्त वरच्या अंगाचा गेला? पाठ उचला. सगळा सारखा गेला, की कोन जमला! मग पलीकडच्या बाजूला बारीक खरखर लागेपर्यंत घासा आणि बाजू बदला.

आता धंद्याचं. मूळ कोन ठेवून धार लावणं झटपट होतं. कोन बदलायचा तर बरंच लोखंड घासावं लागतं. म्हणून आधी मार्कर, मग दर. आणि पहिले दहा चाकू घरचेच घ्या, गिऱ्हाईकाचे नकोत!