मोटार-अपघात व मानेची दुखापत



गतवर्षी शाळाभेटीस जात असता आमची जीप रेल्वे-फाटकाशी उभी होती. तोच मागून आलेल्या एका टेम्पोचा धक्का तीस बसला. जीपला किरकोळ पोचा आला. रक्त कोणाचेच निघाले नाही. 'काही झाले नाही' असे म्हणून प्रस्तुत लेखकाने त्या दिवशीची तपासणीही पूर्ण केली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मान वळेना. ते दुखणे दोन महिने पुरले. आसनाच्या माथ्यावरील उशी, जिला आपण हेडरेस्ट म्हणतो, ती कोठवर होती असे डॉक्टरांनी विचारले. ती अगदी खाली होती. ती वर उचलता येते हे आम्हांस ठाऊकच नव्हते. म्हणून हा लेख.

ह्या दुखापतीस 'व्हिपलॅश', म्हणजे चाबकाचा फटकारा, असे नाव आहे. अमेरिकेतील अस्थिवैद्य हॅरॉल्ड क्रो ह्यांनी ते १९२८ मध्ये योजिले. दुखापत का होते ह्याचे उत्तर आपल्या विज्ञानाच्या पाठातच आहे. प्रौढ माणसाचे डोके सुमारे साडेचार ते पाच किलोग्रॅम वजनाचे असते. मागून धक्का बसताच आसनाची पाठ धडास पुढे ढकलते. परंतु डोके जडत्वामुळे होते तेथेच राहू पाहते. दोहोंमधील ताण मानेस सोसावा लागतो. १९५५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी मोटारींची मुद्दाम टक्कर घडवून मोजमापे घेतली. तेव्हा मोटारीस बसलेल्या हिसक्याहून डोक्यास बसलेला हिसका अधिक मोठा असल्याचे दिसून आले.

पुढे १९९७ मध्ये येल विद्यापीठातील मनोहर पंजाबी व त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखविली. डोके मागे कलंडण्यापूर्वीच मान क्षणभर इंग्रजी 'एस' अक्षरासारखी वाकते. खालचे मणके मागे वाकतात, वरचे पुढे. हे सारे सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागात घडते. तेवढ्या अवधीत मनुष्यास सावध होऊन मान सावरता येत नाही. अर्थात बचाव करावयाचा तो प्रवासास निघण्यापूर्वीच केला पाहिजे.

हा बचाव म्हणजेच हेडरेस्ट. ती डोके टेकून झोप घेण्यासाठी नसून डोक्यास मागे जाऊ न देण्यासाठी आहे. अमेरिकेत १ जानेवारी १९६९ पासून नव्या मोटारींच्या पुढील आसनांस ती सक्तीची झाली. तेथील शासनाने १९८२ मध्ये ह्या नियमाचे मूल्यमापन प्रसिद्ध केले, ते बोधप्रद आहे. मागून बसणाऱ्या धक्क्यांतील दुखापतीचा धोका आसनाशी एकसंध असलेल्या उशीने शेकडा १७ कमी झाला होता. वरखाली करता येणाऱ्या उशीने मात्र शेकडा १०. कारण साधे होते : बहुतेक लोक ती खालीच ठेवीत. साधन हाताशी होते, उपयोगाचे ज्ञान नव्हते. ज्ञान देणे हे तर आपलेच काम आहे.

उशीचा वरचा काठ डोक्याच्या माथ्याशी यावा, निदान कानाच्या वर असावा. आणि डोके व उशी ह्यांत चार बोटांहून अधिक अंतर नसावे. समोरून होणाऱ्या टकरीसाठी सीटबेल्ट हवाच, मागील आसनावरही.

हा विषय वर्गात शिकविण्यास खर्च नाही. चाकांच्या खेळण्यातील गाडीवर एक लवचीक काडी उभी बसवावी व तिच्या टोकास ओल्या मातीचा गोळा लावावा. गाडीस मागून टिचकी मारताच गोळा मागे राहतो व काडी वाकते. नंतर काडीच्या मागे गोळ्याच्या उंचीचा पुठ्ठा उभा करून तोच प्रयोग पुन्हा करावा. पुढील स्पष्टीकरण मुले आपणच देतील.

आता सर्वांत महत्त्वाचे. रस्त्यालगतच्या गावांत अपघातस्थळी प्रथम धावून जातात ते गावकरी व विद्यार्थी. जखमीस बखोटीस धरून ओढणे, उठवून बसविणे, पाणी पाजणे हे सर्व दयाबुद्धीने घडते. परंतु मानेचा मणका मोडला असल्यास त्या ओढण्याने मज्जारज्जूस इजा होऊन हातपाय जन्माचे लुळे पडू शकतात. म्हणून पुढील गोष्टी मुलांकडून पाठ करून घ्याव्यात :

१. १०८ ह्या क्रमांकावर दूरध्वनी करावा व मोठ्या माणसांस बोलवावे.
२. आग लागण्याचे वा दुसऱ्या वाहनाचे भय नसल्यास जखमीस हलवू नये.
३. मोठ्या माणसाने जखमीचे डोके दोन्ही हातांनी, आहे त्याच स्थितीत, स्थिर धरावे.
४. तोंडाने काही देऊ नये.

मदत केल्यास पोलिसांचा ससेमिरा लागेल ही भीती बाळगू नये. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये घातलेल्या कलम १३४-अ ने सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे.

किरकोळ धक्क्यानंतर मान दुखू लागल्यास मात्र घाबरू नये. बहुतेकांस काही आठवड्यांत वा महिन्यांत आराम पडतो. डॉक्टरांनी मोडतोड नसल्याची खात्री केल्यावर मान फार दिवस जखडून न ठेवता नित्याची हालचाल लवकर सुरू करावी, असे कॅनडातील क्वेबेकच्या तज्ज्ञ-समितीने १९९५ मध्ये सांगितले आहे. हातपायांस मुंग्या येणे वा बळ कमी होणे दिसल्यास मात्र तत्काळ रुग्णालय गाठावे.

पुढील शाळाभेटीत वरील प्रयोग मुलांच्या हातून पाहावयास मिळेल, अशी अपेक्षा आहे.