बाळंतपणाची तयारी गावाचीही

बाळंतपणानंतर अर्धा लिटरहून जास्त रक्त गेलं, की आम्ही त्याला अतिरक्तस्राव म्हणतो. वार पडल्यावर गर्भाशय नीट आकसलं नाही, तर रक्त वाहतच राहतं आणि उपचार मिळाले नाहीत तर दोनेक तासांत बाई दगावू शकते. यावर उपाय आहेत. ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन आहे, गर्भाशय चोळून आकसवता येतं, लागलं तर रक्त देता येतं. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातलं बाळंतपण, औषधं, रक्त आणि जाण्या-येण्याचं वाहन मोफत आहे.

तरीही काही जणी आमच्यापर्यंत पोहोचतात तेव्हा नाडी लागत नसते. रेफर केलेल्या बाईच्या चिठ्ठीवर आरोग्य केंद्रातून निघाल्याची वेळ असते. घरात किती तास गेले, ते कुठेच लिहिलेलं नसतं.

माता मृत्यूंच्या अभ्यासात ‘तीन विलंब’ ही मांडणी १९९४ पासून रूढ आहे: निर्णय घ्यायला उशीर, पोहोचायला उशीर आणि पोहोचल्यावर उपचार मिळायला उशीर. तिसरा आमचा, आणि त्याचा जाब आम्हालाच विचारायला हवा. पहिले दोन मात्र घरात आणि गावात होतात. नवरा ऊसतोडीला गेलेला, सासू म्हणते ‘आमच्या वेळी एवढं रक्त जायचंच’, जीपवाला रात्री फोन उचलत नाही.

राज्याचे आकडे सुधारले आहेत, हे खरं. नमुना नोंदणी पाहणीनुसार २००१-०३ मध्ये महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे १४९ माता दगावत. २०१८-२० मध्ये हा आकडा ३३ वर आला. पण सरासरीत दूरचा पाडा दिसत नाही.

गावाने ठरवलं तर फरक पडतो का? झारखंड आणि ओडिशातल्या आदिवासी भागांत ‘एकजुट’ या संस्थेने बायकांचे गट बांधले. महिन्यातून एकदा बैठक, चित्रं, गोष्टी, आणि आपल्याकडे बाळ-बाळंतीण का दगावते यावर त्यांचीच चर्चा. उपायही त्यांनीच काढायचे. तीन वर्षांत तिथले नवजात मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचं २०१० मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे भारत, नेपाळ, बांगलादेश आणि मलावीतल्या अशा सात चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला. जिथे गरोदर बायकांपैकी किमान तिसरा हिस्सा गटात येत होता, तिथे माता मृत्यूही जवळपास निम्म्याने कमी दिसले. गट कागदावर असून भागत नाही, असाच याचा अर्थ.

आपल्याकडे वेगळं काही उभारायची गरज नाही. आशाताई आहे, अंगणवाडी आहे, गाव आरोग्य समिती आहे आणि तिला वर्षाला दहा हजारांपर्यंतचा मुक्त निधी आहे. तो बऱ्याचदा खुर्च्या-सतरंज्यांवर जातो. त्यातून रात्रीच्या गाडीचं डिझेलही भरता येईल. सातव्या महिन्यातच ठरवावं: १०८ ला फोन कोण करणार, गाडी यायला वेळ लागला तर कोणाची जीप, सोबत कोण, रक्त कोण देणार, आणि नवरा घरी नसेल तर ‘निघा’ म्हणण्याचा अधिकार कोणाचा. शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड, म्हणून तो सासू-सासऱ्यांसमोरच सोडवावा. बैठकीला नुसत्या बायका बोलावून उपयोग नाही; जीपची किल्ली पुरुषांच्या खिशात असते.

गरोदरपणातलं हिमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा कमी म्हणजे रक्तक्षय, सातच्या खाली म्हणजे तीव्र. अशा बाईला एरवी सोसणारा रक्तस्रावही सोसत नाही. तिचं घर गावाला आधीच माहीत हवं. आदिवासी भागात आरोग्य केंद्राजवळ ‘माहेरघर’ आहे. तिथे तारखेच्या आधी काही दिवस जाऊन राहता येतं. नाव छान आहे, पण घरची पोरं आणि गुरं कोण सांभाळणार, याचं उत्तर शेजाऱ्यांनी दिलं तरच ती तिथे जाईल.

आणि मृत्यू झालाच, तर माता मृत्यू अन्वेषणासाठी आरोग्य कर्मचारी घरी येतात. तेव्हा दुखणं कधी सुरू झालं आणि घरून किती वाजता निघालात, एवढं तरी खरं सांगावं. कोणाला दोषी धरायला ते विचारत नाहीत. त्याच गल्लीत आणखी कोणीतरी गरोदर असते.