जुळ्या कोकरांचे जनुक : फेकबी

दख्खनी मेंढी एका वेताला बहुधा एकच कोकरू देते. पश्चिम बंगालच्या सुंदरबनात, खाऱ्या दलदलीत चरणारी लहानखुरी गारोल मेंढी मात्र सहज जुळी, प्रसंगी तिळी देते. हा फरक केवळ चाऱ्याचा नाही. त्याच्या मुळाशी ‘फेकबी’ हे एकच जनुकीय उत्परिवर्तन आहे.

उत्परिवर्तनाचे कार्य

ऑस्ट्रेलियातील बुरुला मेरिनो मेंढ्यांमुळे हे उत्परिवर्तन प्रथम प्रकाशात आले. अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याहून तेथे नेलेल्या मेंढ्यांकडून ते आले असावे, असे मानले जाते. सहाव्या गुणसूत्रावरील ‘बीएमपीआर-१बी’ या जनुकातील त्याचे नेमके स्थान २००१ मध्ये निश्चित झाले. या बदलामुळे अंडाशयातील पुटिका लहान असतानाच पक्व होतात आणि एका माजात अधिक अंडी सुटतात. उत्परिवर्तनाची एक प्रत असल्यास सरासरी दीड, तर दोन प्रती असल्यास सुमारे तीन अंडी जादा सुटतात. कीटकशास्त्राच्या अभ्यासकाला याचे नवल वाटत नाही. फळमाशीच्या अंडाशयातही याच कुळातील प्रथिने मूलपेशींचे नियमन करतात.

भारतीय प्रयोग

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गारोलमधील हे उत्परिवर्तन संकराद्वारे दख्खनी मेंढ्यांत आणून ‘नारी सुवर्णा’ विकसित केली. राजस्थानातील अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेने गारोल, मालपुरा व पाटणवाडी यांच्या संकरातून ‘अविशान’ घडविली.

मेंढ्याची निवड

मेंढ्याकडे पाहून त्याच्यातील फेकबी ओळखता येत नाही. त्यासाठी रक्तातील डीएनएची तपासणी करावी लागते. दोन प्रतींचा मेंढा साध्या मेंढ्यांच्या कळपात सोडल्यास प्रत्येक कोकराला एक प्रत मिळते. एका प्रतीच्या मेंढ्यापासून मात्र सरासरी निम्म्याच कोकरांना ती मिळते. नर व मादी दोघेही वाहक असल्यास दोन प्रतींच्या माद्या जन्मू शकतात. त्यांना तिळी होण्याचा संभव अधिक. अशी कोकरे वजनाने कमी भरतात आणि आईचे दूधही अपुरे पडते.

म्हणून भटक्या कळपासाठी एका प्रतीची मेंढी अधिक सोयीची ठरते. गाभण काळाच्या अखेरच्या सहा आठवड्यांत पूरक खुराक, जन्मताच चीक आणि दुबळ्या कोकराला वरचे दूध, एवढी तजवीज असेल तरच दुसरे कोकरू जगेल. मेंढपाळाचे उत्पन्न किती कोकरे जन्मली यावर नव्हे, किती विक्रीच्या वयाला पोहोचली यावर ठरते.