योनाचा राग

योना म्हटलं की मासा आठवतो. संडे स्कूलमधली मुलं चित्र काढतात तेही माशाचंच. पण बायबलमधल्या चार अध्यायांच्या त्या छोट्या पुस्तकातला खरा पेच मासा योनाला किनाऱ्यावर ओकून टाकतो त्याच्यानंतरचा आहे. देवाचा हा संदेष्टा मनाविरुद्ध असिरियाच्या निनवे शहरात जातो आणि चाळीस दिवसांत शहर उलथणार असल्याचं सांगतो. मूळ हिब्रूत हा उपदेश अवघ्या पाच शब्दांचा आहे. त्यात ‘सुधारलात तर’ नाही की ‘पण’ नाही. तरीही राजापासून रंकापर्यंत सगळे गोणपाट नेसतात, उपास धरतात, गुरांचंही चारापाणी बंद करतात. आणि देव ते संकट आणत नाही.

मग देवाचं मन बदललं का?

या ठिकाणी हिब्रूत ‘नाहाम’ हे क्रियापद येतं. मराठी पवित्र शास्त्रात आपण त्यासाठी ‘अनुताप’ वाचतो. एरवी अनुताप भक्ताला व्हायचा. इथे तो देवाला होतो, म्हणून वाचणारा अडखळतो. ‘नाहाम’मध्ये कळवळा आहे, सांत्वन आहे आणि घेतलेल्या निर्णयावरून माघारी येणंही आहे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा पंधरावा अध्याय तर कोड्यातच टाकतो. शौलाला राजा केल्याचा देवाला अनुताप झाला, असं त्यात दोनदा येतं; आणि या दोन उल्लेखांच्या मध्ये शमुवेल ठणकावतो, की अनुताप व्हायला देव काही माणूस नाही. क्रियापद तेच. त्या पुस्तकाच्या संपादकाच्या नजरेतून हे निसटलं असेल, असं मला वाटत नाही. त्याने दोन्ही विधानं जाणूनबुजून शेजारी ठेवली असावीत.

ख्रिस्ती विचारवंतांनी यातून वाट काढली. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने एक बारीक भेद केला: इच्छा बदलणं वेगळं आणि अमुक गोष्ट बदलावी अशी इच्छा असणं वेगळं. उन्हाळ्यात पातळ आणि थंडीत लोकरीचे कपडे घालायचे, हे आधीच ठरवलेल्या माणसाने ऋतू पालटल्यावर कपडे बदलले, तर त्याचा बेत बदलला असं कोण म्हणेल? सोळाव्या शतकात कॅल्विनने निनवेचंच उदाहरण घेतलं. त्याच्या मते ती धमकी लोकांना वळवण्यासाठीच होती, आणि दाईने बाळाशी बोबडं बोलावं तसा देव आपल्याशी आपल्या भाषेत बोलतो.

हे सगळ्यांना पटलं नाही. १९९४ मध्ये क्लार्क पिनॉक, जॉन सँडर्स आणि इतर तिघांनी ‘द ओपननेस ऑफ गॉड’ हे पुस्तक काढलं. माणसं पुढे काय निवडतील हे अजून उघडं आहे आणि देव त्यांना खराखुरा प्रतिसाद देतो, असं त्यांचं म्हणणं. अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल थिऑलॉजिकल सोसायटीत यावरून वादळ उठलं आणि २००३ मध्ये पिनॉक व सँडर्स यांच्या सदस्यत्वावर मतदान झालं. सँडर्स यांच्या विरोधात बहुमत पडलं, पण हकालपट्टीसाठी लागणारं दोन-तृतीयांश भरलं नाही. दोघेही राहिले. देव मन बदलतो का, हे ठरवायला माणसांनी मतपत्रिका मोजल्या, याची मला अजून गंमत वाटते.

या साऱ्या वादात योनाचा राग मात्र बाजूला पडतो. शहर वाचल्यावर तो संतापतो, आणि कारणही सांगतो: देव दयाळू आहे, मंदक्रोध आहे, संकट आणण्याबद्दल अनुतापणारा आहे, हे त्याला घरी असतानाच ठाऊक होतं, म्हणूनच तर तो आधी निनवेला जायचं टाळून जहाजाने तार्शीशला पळत होता. हे वर्णन त्याचं स्वतःचं नव्हे. सोन्याच्या वासराच्या प्रकरणानंतर सीनाय पर्वतावर देवाने मोशेला आपली ओळख याच शब्दांत दिली होती. फक्त त्या यादीत ‘अनुतापणारा’ नव्हतं. ते योनाने जोडलं, आणि योएलाच्या पुस्तकातही ते जोडलेलं दिसतं. म्हणजे माघारी येणं हा देवाच्या स्वभावातला अपवाद नसून त्या कायमच्या स्वभावाचाच भाग आहे, असं योना धरून चालतो. त्याची तक्रार देव बदलला ही नाहीच. देव नेहमीसारखाच वागला, ही त्याची तक्रार आहे.

अर्थात हे दार दोन्ही बाजूंनी उघडतं. यिर्मयाच्या अठराव्या अध्यायात, कुंभाराच्या चाकाजवळ, देव सांगतो की राष्ट्र वळलं तर ठरवलेलं अरिष्ट टळेल आणि बिघडलं तर ठरवलेलं कल्याणही टळेल. इ.स.पू. ६१२ मध्ये बाबेली आणि मेदी फौजांनी निनवे जमीनदोस्त केलं. त्या नाशावरचं बायबलमधलं पुस्तक नहूम संदेष्ट्याचं, आणि त्याचं नाव याच ‘नाहाम’ धातूवरून आलेलं.

त्या शहराच्या जागी आज इराकमधलं मोसुल आहे. तिथली नबी युनूसची मशीद, म्हणजे योनाची कबर मानली जाणारी जागा, २०१४ च्या जुलैमध्ये इसिसने सुरुंग लावून उडवली. पण सुरियानी परंपरेतल्या चर्चेस मोठ्या उपासाच्या तीन आठवडे आधी तीन दिवस ‘निनवेचा उपास’ अजून धरतात. केरळात त्याला ‘मून्नु नोयंबु’ म्हणतात आणि कुरविलंगाडच्या चर्चमध्ये त्या वेळी लाकडी जहाज खांद्यावर घेऊन, वादळात सापडल्यासारखं डोलवत, मिरवणूक काढतात. जहाज योनाचं असलं तरी उपास निनवेकरांचा आहे.

योनाचं पुस्तक संपतं ते देवाच्या प्रश्नावर. डावंउजवं न कळणारी एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं ज्या शहरात आहेत, त्याची मी कीव करू नये का, असं तो विचारतो. योनाचं उत्तर पुस्तकात नाही. हिब्रूत त्या प्रश्नाच्या अगदी शेवटी, माणसांच्याही नंतर, उपाशी ठेवलेली ती पुष्कळ गुरंढोरं येतात.