विश्लेषण : लघुउद्योगांना चणचण पैशाचीच की माहितीचीही?

लघु आणि मध्यम उद्योगांचा विषय निघाला की चर्चा कर्ज, व्याजदर आणि थकलेल्या बिलांभोवती फिरते. हे प्रश्न खरेच आहेत. मात्र त्याच वसाहतीत, तीच यंत्रे आणि तोच कच्चा माल वापरणारे दोन कारखाने वेगवेगळा नफा का मिळवतात, या प्रश्नाचे उत्तर बँकेत मिळत नाही. ते कारखान्यातल्या रोजच्या सवयींत दडलेले असते. या सवयी एकाकडून दुसऱ्याकडे पोहोचवता येतात का, याचा हा आढावा.

तारापूरच्या कारखान्यांत काय घडले?

या प्रश्नाचे सर्वात ठोस उत्तर मुंबईजवळच मिळाले. स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि जागतिक बँकेच्या अर्थतज्ज्ञांनी २००८ मध्ये तारापूर आणि गुजरातमधील उंबरगाव येथील कापड विणणाऱ्या १७ कंपन्यांमध्ये एक प्रयोग सुरू केला. या कंपन्या कुटुंबांच्या मालकीच्या होत्या आणि त्यांत सरासरी २७० कामगार होते. काही कारखान्यांना सल्लागारांनी आधी महिनाभर पाहणी करून त्रुटी दाखवल्या आणि पुढे चार महिने सुधारणा अमलात आणायला मदत केली. उरलेल्यांना तुलनेसाठी फक्त पाहणीचा लाभ मिळाला.

सुधारणा अगदी साध्या होत्या. सुताच्या साठ्याची नोंद ठेवणे, गोदामात मालावर चिठ्ठ्या लावणे, माग बंद पडण्यापूर्वीच त्याची देखभाल करणे, कापडातील दोष कुठे आणि कशामुळे येतात हे रोज लिहून त्यावर चर्चा करणे, अशा ३८ पद्धती ठरवण्यात आल्या. नवे यंत्र बसवायचे नव्हते. तरीही पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. दोष घटले, साठ्यात अडकलेला पैसा मोकळा झाला आणि तीन वर्षांत या कंपन्यांनी तुलनेत अधिक नवे कारखाने काढले.

मालकांनी हे आधीच का केले नाही?

एक कारण माहितीचा अभाव हे होते. काही पद्धती मालकांनी ऐकल्याच नव्हत्या. ज्या ऐकल्या होत्या, त्यांचा आपल्याला उपयोग नाही अशी त्यांची समजूत होती. ‘आपला माल आसपासच्या कारखान्यांइतकाच चांगला आहे, मग दोषांची वही कशाला?’ असा सूर होता. शेजारीही तितकाच मागे असेल तर आपण मागे आहोत हे कळायला मार्ग उरत नाही.

दुसरे कारण विश्वासाचे. महत्त्वाचा निर्णय घरच्या माणसाशिवाय कुणावर सोपवायचा नाही, ही रीत. त्यामुळे कुटुंबात कर्ते पुरुष किती, यावर कंपनी किती वाढणार हे ठरत होते. मालकाचा सगळा दिवस रोजच्या अडचणी निस्तरण्यात जात असेल, तर कामाची पद्धत बदलायला वेळ कुठून येणार?

शिकलेले टिकते का आणि पसरते का?

हेच तज्ज्ञ २०१७ मध्ये पुन्हा त्या कारखान्यांत गेले. स्वीकारलेल्या पद्धतींपैकी सुमारे निम्म्या तोवर सोडून दिल्या गेल्या होत्या. व्यवस्थापक नोकरी सोडून गेले आणि संचालकांना वेळ मिळेनासा झाला, ही त्याची प्रमुख कारणे. म्हणजे ज्ञान वहीत कमी आणि माणसाच्या डोक्यात जास्त होते. माणूस गेला की तेही गेले. तरीही हे कारखाने तुलनेतल्या कारखान्यांपेक्षा बरेच पुढे होते.

याहून महत्त्वाचा निष्कर्ष दुसरा आहे. या पद्धती त्याच कंपनीच्या इतर कारखान्यांत पोहोचल्या, पण एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत फारशा गेल्या नाहीत. भिंतीला भिंत लागून असली तरी ज्ञान आपोआप पलीकडे जात नाही. त्यासाठी मुद्दाम व्यवस्था लागते.

अशी व्यवस्था कशी असावी?

कोलंबियातील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांवरील प्रयोग इथे मार्गदर्शक ठरतो. काही कंपन्यांना स्वतंत्र सल्लागार मिळाला, तर काहींना छोट्या गटांत एकत्र बसवून सल्ला देण्यात आला. ही कल्पना शेतीतील विस्तार कार्यापासून घेतली होती. शेतकऱ्यांना एकत्र आणून नवे तंत्र शिकवावे, तसेच इथे कारखानदारांना एकत्र आणले गेले. गटाचा खर्च स्वतंत्र सल्ल्याच्या साधारण एक तृतीयांश होता. व्यवस्थापनातील सुधारणा मात्र दोन्हीकडे जवळपास सारखीच झाली. पुढील तीन वर्षांत कंपनीचा आकार वाढल्याचे स्पष्टपणे दिसले ते गटातल्या कंपन्यांत.

आपल्याकडे काय उपलब्ध आहे?

केंद्र सरकारच्या समूह विकास कार्यक्रमातून एकाच प्रकारच्या उद्योगांसाठी सामाईक सुविधा केंद्र उभारता येते. एकट्याला न परवडणारी चाचणी यंत्रणा, संकल्पन कक्ष किंवा सांडपाणी प्रक्रिया तिथे मिळून वापरता येते. चिंचवडचे ऑटो क्लस्टर हे अशा सामाईक सुविधेचे राज्यातील परिचित उदाहरण.

पद्धती सुधारण्यासाठी दोन योजना आहेत. एप्रिल २०२२ पासून नव्या स्वरूपात आलेल्या ‘झेड’ प्रमाणपत्र योजनेत कांस्य, रौप्य आणि सुवर्ण असे तीन स्तर आहेत. प्रमाणपत्राच्या खर्चात सूक्ष्म उद्योगांना ८०, लघुउद्योगांना ६० आणि मध्यम उद्योगांना ५० टक्के अनुदान मिळते. मार्च २०२३ मध्ये नव्याने सुरू झालेल्या ‘लीन’ योजनेत अपव्यय कमी करण्यासाठी सल्लागार मिळतो. त्याच्या खर्चातील सरकारचा वाटा ८० वरून ९० टक्के करण्यात आला.

१ एप्रिल २०२५ पासून उद्योगांच्या व्याख्येची मर्यादाही वाढली आहे. आता १० कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग सूक्ष्म, १०० कोटींपर्यंतचा लघु आणि ५०० कोटींपर्यंतचा मध्यम ठरतो. गुंतवणुकीची मर्यादा अनुक्रमे अडीच, २५ आणि १२५ कोटी रुपये आहे.

अडचण कुठे येते?

पहिली भीती स्पर्धेची. पद्धत सांगितली तर ग्राहक पळेल किंवा कुशल कामगार शेजारी ओढून नेईल, असे वाटते. म्हणून गटात किंमत आणि ग्राहकांची नावे बाजूला ठेवून दोष, देखभाल, साठा, सुरक्षितता यांवर बोलणे सोयीचे ठरते. दुसरी अडचण कागदी सुधारणेची. प्रमाणपत्र भिंतीवर लागते आणि वही कोरी राहते. नोंदी ठेवण्याचे काम एकाऐवजी दोघा-तिघांना शिकवले, तर कुणी नोकरी सोडली तरी पद्धत टिकण्याची शक्यता वाढते.

तिसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. कायद्याने बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते व्हायला हवे. ही मुदत पाळली नाही, तर खरेदीदाराला प्राप्तिकरात त्या खर्चाची वजावट पैसे प्रत्यक्ष दिल्यावरच मिळते. हा नियम सूक्ष्म आणि लघुउद्योगांकडून होणाऱ्या खरेदीसाठी १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. बिल चार महिने थकले असेल, तर गोदामातील नीटनेटक्या चिठ्ठ्यांनी पगार होत नाही. चांगल्या पद्धती हा वेळेवर मिळणाऱ्या पैशाला पर्याय नव्हे. मात्र पैसा आल्यावर तो दोषांच्या मालात आणि अनावश्यक साठ्यात पुन्हा अडकू नये, याची काळजी त्याच घेतात.